दारात आलेलं टेबल

वालीवच्या त्या चाळीत रिक्षा शिरेना, म्हणून एलिसाने घडीचं टेबल बगलेत मारलं आणि बोळातून चालायला लागली. मागे पोरांची वरात.

"कुणाकडे, कुणाकडे?"

"जागृतीकडे!" तिने हौसेने सांगितलं.

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि जागृतीने क्लासला यायचंच सोडलं होतं. गिरीजच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर गावातली शिकलेली चार माणसं हॉलमध्ये फुकट शिकवायची, भूमिती एलिसाकडे. अंगावर पिणाऱ्या लेकाला सासूकडे देऊन ती यायची, आणि तिचा खरा जीव होता तो या पोरीवर. प्रमेय उलगडलं की जागृती अशी हसायची, जणू कोणी कानात गुपित सांगितलंय. पण सहामाहीला जेमतेम पास झालेली. आता सोडलं तर बुडालीच.

दार तिनेच उघडलं. टेबल बघून तिचा चेहरा उतरला.

"टीचर, हे इथे कशाला आणलं?"

"तुझ्यासाठी! गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर लगेच एकाने दिलं बघ."

शेजारच्या दारातून कोणीतरी खिदळलं, "आलं गं बाई, टेबल आलं!"

तो फोटो. मागे एकदा एलिसा घरी आली होती तेव्हाचा. मोरीच्या कडेला, ओल्या कपड्यांच्या दोरीखाली, गुडघ्यावर वही घेऊन बसलेली जागृती. खाली एलिसाने लिहिलं होतं, 'या गुणी मुलीच्या घरी साधं टेबलही नाही. मदतीला पुढे या.'

"शाळेत पोचला तो," जागृती म्हणाली. "मला टेबलच म्हणतात आता. ए टेबल, सरक ना."

"मी डिलीट करते. आत्ताच करते."

"कधीच फॉरवर्ड झालाय."

"जागे, टीचरशी असं बोलतात का?" आतून आई म्हणाली. "बसा बाई, चहा टाकते."

"अगं, मी चांगल्यासाठीच…" एलिसा म्हणाली.

"स्टेटसला बाळाचा फोटो टाकता, तेव्हा त्याच्या तोंडावर फूल लावता तुम्ही." जागृतीच्या आवाजात राग नव्हता. "माझं तोंड तसंच दिसत होतं."

दृष्ट लागू नये म्हणून लेकाचा कानही दिसणार नाही इतकं मोठं फूल ती लावायची. या पोरीला साधं विचारलंसुद्धा नव्हतं. आणि जागृतीला ठाऊक नसलेली गोष्ट तिला आठवली: फोटोत मोरी नीट यावी म्हणून ती मुद्दाम मागे सरकली होती.

"माझं चुकलं, जागृती."

"हं."

"क्लासला येशील?"

"नाही. परीक्षा देणार मी. सरावाचे पेपर क्लासमधल्या कृतिकाकडे द्या. ती हसत नाही मला."

"मग मी इथे येऊन शिकवू?"

"नको, टीचर."

चहा आला. नाही कसं म्हणणार? जागृतीची आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पोरगी तोंडाळ आहे, मनावर घेऊ नका," आणि एलिसाने मान खाली घालून कप संपवला. मग त्याच बोळातून, त्याच पोरांच्या देखत, ती टेबल घेऊन परत निघाली.

"घेतलं नाही?" रिक्षावाल्याने विचारलं.

"त्यांना नको होतं," ती म्हणाली.

रविवारी तिने पेपर कृतिकाकडे दिला. पुढच्या रविवारी तो सोडवून परत आला. दुपारी लेक झोपल्यावर एलिसा तपासायला बसली. त्रिकोण छान जमले होते. वर्तुळाची स्पर्शिका मात्र पार गंडली होती. समासात तिने 'मा' लिहिलं, आणि पेन थांबलं. माफ कर म्हणजे पुन्हा त्या पोरीकडेच काहीतरी मागणं.

तिने ते अक्षर खोडलं. शेजारी स्वच्छ वर्तुळ काढलं, केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत रेघ ओढली, काटकोन दाखवला आणि खाली लिहिलं, 'आधी ही त्रिज्या काढ, मग बघ.'

आत लेक चुळबुळायला लागला. एका हाताने पाळण्याची दोरी ओढत तिने पुढचं गणित तपासायला घेतलं.