मान डोलावणारे साहेब

आमचे अब्बा अमरावतीत ट्रकच्या बॉड्या बांधायचे. चासी, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, कंपनीची, पारखलेली. वर मालक म्हणेल ते. कोणाला संत्र्यासाठी हौदा, कोणाला पाण्याची टाकी. त्यामुळे डिश अँटेना बसवायच्या प्रशिक्षणात सरांनी दळणवळणाचे उपग्रह कसे बांधतात ते सांगितलं, तेव्हा मला लगेच समजलं. तिथेही सांगाडा ठरलेला असतो: सौर पंख, बॅटऱ्या, इंधनाची टाकी, तोंड पृथ्वीकडे ठेवणारी यंत्रणा. गिऱ्हाईक त्यावर आपापली यंत्रं चढवतं, कोणी टीव्हीची, कोणी फोनची. मला तो धंदा सरळ वाटला.

मग २००७ साली मोर्शीजवळच्या एका गावात शेतकरी सल्ला केंद्राची छत्री, म्हणजे डिश, बसवायला गेलो. उपग्रहाचा काही दोष नव्हता. छत्तीस हजार किलोमीटरवरून तो इमानदारीत चित्र पाठवत होता, गावाचं बोलणं घ्यायलाही तयार होता. पण छत्रीवर पाठवायचं यंत्र बसतं त्या जागी नुसती लोखंडी पट्टी होती, चार स्क्रूंची. म्हणजे गावाला दिसणार, ऐकू येणार. गावाचं तिकडे काहीच जाणार नाही. अब्बांनी असा ट्रक दिला असता तर मालकाने पायातलं काढलं असतं.

केंद्राचे खुशालराव म्हणाले, "ते दुसऱ्या टप्प्यात येईन, मोईज. तू माइकचा लाल दिवा तेवढा बॅटरीवर जोडून दे. पाहुणे आले का बरं दिसते."

मी जोडून दिला. माझ्याच हातांनी. आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

देखभालीलाही मलाच ठेवलं. दर गुरुवारी कार्यक्रम असायचा. पडद्यावर कडक इस्त्रीतले एक तज्ज्ञ वीस मिनिटं बोलायचे, मग "विचारा तुमचा प्रश्न" म्हणून मिनिटभर कान देऊन बसायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. आता उशीर करू नका." टेप होती ती. विषय बदलायचा, शेवट तोच. चाळीस गावांना एकच मान. कपाशीवाल्याला तीच, केळीवाल्यालाही तीच. आणि आमचे लोक त्या काचेपुढे हात जोडायचे. मी तोंड उघडलं नाही. नोकरी नवी होती.

पार्बताबाईंची संत्र्याची एकशे चाळीस झाडं होती, पहिली दोन वर्षं घागरीनं पाणी घालून जगवलेली. झाडांना डिंक्या रोग लागला. शेजारी म्हणे तोड, दीर म्हणे ठेव. बाईंनी दोघांनाही सांगून टाकलं, "साहेबाच्या तोंडून आयकीन, मंगच हात लावीन."

गुरुवारी त्या माइकपुढे उभ्या राहिल्या. दिवा लाल झाला.

"साहेब, खोडातून डिंक गयते. तोडून टाकू का झाडं?"

साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. आता उशीर करू नका."

मी दाराशी होतो. खुशालराव माझ्याकडे बघत होते. बाई आणखी कोणाला विचारतीलच, अशी मी मनाची समजूत घातली आणि वायर गुंडाळत बसलो. असला भेकडपणा दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याच्यावर थुंकलो असतो.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या त्या थेट माइकपाशी.

"तोडली साहेब. चार दिवस आरा चालला. पन आठ-दहा सोडून बाकीच्याईचं लाकूड आतून चांगलं निंघालं. कृषी सहायक म्हणे, साल खरडून मलम लावला असता तं वाचली असती. मंग तुमी काहून हो म्हणलं?"

साहेब पुन्हा मान डोलवायला लागले. मी वायर उपटली. खुशालराव ओरडत राहिले; मी बाईंना छतावर नेलं आणि पट्टी दाखवली.

"मावशी, इथून काहीच जात नाई. तुमचा प्रश्न तिकडे पोचलाच नाई."

बाईंनी पट्टीवरून हात फिरवला.

"म्हणजे साहेबाले आयकू नाई गेलं."

"नाई."

"तू तं दाराशीच उभा व्हता, बाबू. तुले आयकू गेलं व्हतं ना?"

मी हो म्हणालो.