चिकटवलेलं झाकण

मी एक जुना रणगाडा आहे. मित्रांनो, दचकू नका. मी तुमच्या तळहातावर मावतो, आणि रणगाडा असून भलता भित्रा आहे. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविल गावी घरामागच्या शेडमध्ये लोरेलने मला प्लास्टिकच्या तुकड्यांतून जोडलं. तिचे वडील क्लॅरी तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, बोर्निओच्या लढाईत असल्याच रणगाड्यावर तोफ चालवायचे. त्याबद्दल घरात ते चकार शब्द काढत नसत. मला पाहून तरी बाबा मोकळे होतील, अशी तिला आशा होती.

हिरवा रंग चढला तेव्हा मी नुसता चकाकत होतो. असली छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांच्या तिच्या क्लबातल्या ट्रेव्हने विचारलं, की हा लढाईला निघालाय की लग्नाला? मग लोरेलने मला जुनं करायला घेतलं. काय ते हाल! पातळ तपकिरी रंग फटीफटींत सोडला, कडांवर चंदेरी ओरखडे काढले, चाकांना चिखल थापला. शेवटी चालकाच्या डोक्यावरच्या झाकणाभोवती काळ्या खडूची पूड लावली, आग लागून गेल्यासारखी. क्लबात सगळ्यांनाच असल्या जळक्या डागांची हौस. झाकण मात्र तिने आधीच चिकटवून टाकलं होतं. आतलं रंगवायचा कंटाळा, दुसरं काय!

आता फक्त मॅटचा फवारा राहिला होता. तो बसला की चकाकी जाते, आणि अंगावर जे असेल ते कायमचं होतं. पण दमट हवेत फवारा मारला तर पांढुरकं धुकं चढतं, म्हणून ती कोरड्या दिवसाची वाट बघत होती. मी त्या डब्याकडे बघून धास्तावलेला असे.

त्या रविवारी क्लॅरी जेवायला आले आणि लोरेलला राहवेना. तिने मला त्यांच्या हातात ठेवलं. तो काळा डाग दिसताच त्यांनी मला असं घट्ट आवळलं, की मी आता मोडतोच, असं मला वाटलं.

"कीथचं तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

लोरेलला कीथ कोण तेच ठाऊक नव्हतं. क्लबात सगळे लावतात म्हणून लावलं, असं ती कसंबसं म्हणाली. ते मला खाली ठेवून, न जेवताच पायरीवर जाऊन बसले. ती रडकुंडीला आली. तिने तोंड माझ्याजवळ आणलं. एका फुंकरीत पूड उडाली असती.

"उडवू नकोस," क्लॅरी दारात उभे होते. "तसंच होतं. आमचा चालक कीथ आत होता. मी बाहेरून ते झाकण ओढत होतो, पोरी. ते उघडलंच नाही गं."

लोरेलने पातळ पातं घेतलं. ते माझ्या फटीत शिरलं तेव्हा माझा जीव अर्धा झाला. झाकणाचा एक टवका उडाला, पण ते उघडलं. क्लॅरींनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. मग ते सांगायला लागले, की कीथ बेसूर शीळ घालायचा आणि सगळ्यांचा जॅम चोरून खायचा.

फवारा तिने नंतर एका कोरड्या सकाळी मारला. आता क्लॅरी नाहीत. मी लोरेलच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ मऊ ब्रशने झटका. पण नीटनेटका दिसावा म्हणून माझं झाकण लावू नका. आत कोणी नाही हे मला कळतं. तरी भीती वाटते.