वसुधाबाईंची कार्डे नीट लावली गेली तेव्हा

मित्रांनो, हायडेलबर्गमधल्या एका घरात मी खिडकीखाली असते. मी बीच लाकडाची जुनी कार्डांची पेटी. एका ग्रंथालयाने आपली यादी संगणकावर घेतली आणि मला फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या बाजारात, पाठवले. तिथून वसुधाबाईंनी मला घरी आणले.

त्या इतिहासाच्या संशोधक होत्या. आयर्लंड इंग्रजांशी लढत असताना तिथल्या बायकांनी काय केले, आणि नंतरच्या इतिहासकारांनी त्याबद्दल काय लिहिले, हा त्यांचा विषय. प्रत्येक कार्डावर वर एका बाईचे नाव आणि खाली एका इतिहासकाराचे म्हणणे. जुन्यांनी लिहिले होते, बायकांनी पुरुषांना मदत केली, निरोप पोचवले, जखमा बांधल्या. पुढे स्त्री-इतिहासकारांनी पत्रे शोधली आणि विचारले, मग बंदुका कोणी लपवल्या, तुरुंगात कोण गेले? नंतर त्यांच्यातच वाद झाला. काहींच्या मते देशाच्या लढ्याने बायकांची मताच्या हक्काची मागणी गिळली. काहींच्या मते त्या बायकांना दोन्ही लढे एकच वाटत होते. कोण कोणाला उत्तर देते आहे, त्याप्रमाणे वसुधाबाई कार्डे एकामागे एक लावत. नंबर घालत नसत. तो क्रम म्हणजेच त्यांचे पुस्तक होते.

त्यांचे पती हेमचंद्र निवृत्त इंजिनियर. त्या त्यांना म्हणत, "अहो, पेटीवरची धूळ पुसा हवी तर, पण तिथं डोकं चालवू नका." दोघेही हसत.

फेब्रुवारीत वसुधाबाई गेल्या. विद्यापीठातल्या त्यांच्या सहकारी बाईंनी कळवले की अपुरे पुस्तक त्या पूर्ण करतील, सोमवारी पेटी न्यायला येतील. हेमचंद्रांना वाटले, पेटी अशी विस्कटलेली कशी द्यायची? ते सहा दिवस बसले. प्रत्येक बाईचे कार्ड त्यांनी तिच्या नवऱ्याच्या नावामागे लावले. लग्न न झालेल्या बायका वडिलांच्या किंवा भावाच्या नावामागे. त्यांच्या घरी रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत असेच चालत आले होते. पट्टीने रेघा मारून नव्या चिठ्ठ्याही केल्या. बायको गेल्यापासून त्या आठवड्यात ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवारी ब्राउनश्वाइगहून मुलगी कुहू आली. तिला मराठी कळते, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. तिने दोन-चार कार्डे काढून पाहिली आणि आईचा क्रम कुठे गेला असे विचारले. हेमचंद्रांनी आपली नवी पद्धत समजावून सांगितली. तिने हातातली कार्डे खाली ठेवली. मग मराठीत म्हणाली, "बाबा, आई तीस वर्षं याच्याशीच भांडत होती."

दोघांनी सगळी कार्डे जमिनीवर पसरली. संध्याकाळपर्यंत जुन्या क्रमाने सहाच कार्डे जुळली, आणि त्यांचीही खात्री नव्हती.

सोमवारी सहकारी बाई आल्या. त्यांनी कार्डे चाळली, चहा घेतला. म्हणाल्या, उतारे सगळे आहेत, पण वसुधाला त्यातून काय म्हणायचे होते ते आता सांगता येणार नाही. जाताना मला नेले नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू आवरायची घाई करू नका. आणि माणूस समोर आहे तोवर विचारा, हे तू असे का लावलेस? हेमचंद्र रोज संध्याकाळी वसुधाबाईंच्या शेजारीच पेपर वाचत बसत. त्यांनी एकदाही विचारले नाही.