भुजंगरावांच्या खिशातला ओपनर

मी एक ओपनर बोलतोय. कोल्ड्रिंकची झाकणं उडवतात तो नव्हे. वाइनच्या बाटलीचं बूच काढायचा, घडी घालून खिशात मावणारा. माझ्या पोटात पोलादाचं मळसूत्र आहे. गोल गोल फिरत आत शिरायचं आणि बूच घेऊन बाहेर यायचं, यातच जन्म गेला. आता दमलोय. बोलायचाही कंटाळा येतो, पण गेल्या ईस्टरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. भट्टीची धग तेवढी आठवते. तिथून पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात आलो आणि भुजंगरावांच्या खिशात पडलो. जिंतूर तालुक्यातला, येलदरी धरणाजवळच्या खेड्यातला माणूस. भांडी घासायला लागले होते, पुढे टेबलावर वाढायला लागले. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून बाटल्या उघडल्या.

कशाबरोबर काय प्यायचं हे त्यांना हॉटेलच्या कॅप्टननं शिकवलं. भुजंगरावांनी ते आपल्या घरच्या ताटावरून ध्यानात ठेवलं. ठेच्याबरोबर आपण दही घेतो, तशी तिखट रश्श्याला गोडसर पांढरी. तळल्या माशावर लिंबू पिळतो, तशी त्याच्याबरोबर आंबटसर, कोरडी पांढरी. तुपात, चरबीत भाजलेल्या मांसाला तांबडी, कारण तिचा तुरटपणा सुपारीसारखा तोंड साफ करतो. मोठमोठे लोक त्यांना विचारून बाटली मागवायचे. नंतर मात्र मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. पाहुणे उठले की भुजंगराव मागच्या बाजूला, उभ्यानंच, पोळीची गुंडाळी करून जेवायचे. मी खिशातून त्यांच्या पोटाची गुरगुर ऐकत असे.

नोकरी संपली, ते गावी आले आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. त्याच सुमारास त्यांच्या मुलीनं, प्रियांकानं लग्न केलं. ती परभणीला एका बँकेत होती. तिथलाच मेल्विन, वसईकडचा ख्रिस्ती मुलगा. भुजंगराव लग्नाला गेले नाहीत. लोकांना वाटलं, धर्मामुळे. मला पेटीत सगळं ऐकू यायचं. ते बायकोला, नर्मदाबाईंना म्हणाले होते, "ज्यांच्या खुर्चीमागं मी जन्मभर उभा ऱ्हायलो, त्या टेबलावर पोरगी जाऊन बसली. आता मी तिथं काय, पानी वाढाया जाऊ?"

चार वर्षं त्यांनी लेकीच्या घरचा उंबरा ओलांडला नाही.

मग मार्चात एक फोन आला. नर्मदाबाईंनी आवाज मोठा करून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"अण्णा," प्रियांका म्हणाली, "मेल्विनच्या आई ईस्टरला येयलेत. सासरे गेल्यापासूनचा पहिलाच सण हाय. दरवर्षी सासरेच ठरवायचे, कशासंगं कोणती वाइन. आता त्यांच्या घरात ते कळणारं कुणी न्हाई. मला एकच माणूस ठावं हाय, अण्णा. तुमी येताल का?"

 भुजंगराव म्हणाले, "वाढपी पायजे व्हय तुला?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नर्मदाबाईंनी फोन बंद केला आणि तडकल्या, "पोरगी बाप मागायलीय, तुमाला वाढपी ऐकू येयलाय. जा गुमान. शेरडांकडं मी बघते."

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. मला गंज चढला होता. राखेनं घासलं, खोबरेल लावलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. धरणावरून दोन मरळ मासे घेतले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि आम्ही बसनं परभणी गाठली.

दारात प्रियांका पाया पडली. ते "बरी हाईस का" एवढंच म्हणाले आणि मासे तिच्या हातात देऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. मेल्विननं तीन बाटल्या आणल्या होत्या. कोरडी पांढरी, गोडसर पांढरी आणि तांबडी. एप्रिलातली परभणी. तांबडी बाटली चहाच्या किटलीसारखी तापलेली. भुजंगरावांनी तिला ओलं फडकं गुंडाळून पाण्याच्या बादलीत उभी केली, पांढऱ्या दोन्ही फ्रीजमध्ये आडव्या घातल्या.

"मटणाला तांबडीच ना, अण्णा?" मेल्विननं भीत भीत विचारलं.

"मटणाचं विंदालू लय तिखट असतंय. त्यावर तांबडी दिली तर तोंडात जाळ होतो. त्याला गोडसर पांढरी. भाजलेल्या कोंबडीला तांबडी, माशाला कोरडी." चार वर्षांत जावयाशी ते पहिल्यांदाच इतकं बोलले असतील.

दुसऱ्या दिवशी सगळे चर्चमधून आले. मेल्विनच्या आई कार्मेलिनबाई साठीच्या पुढच्या, हाडकुळ्या. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासानं चेहरा उतरलेला. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि भुजंगरावांपुढे धरली.

"ह्यांनी ठेवली होती. दर ईस्टरला मी म्हणायचे, उघडा. तर म्हणायचे, पुढच्या वर्षी उघडू. आज तुम्ही उघडा, भुजंगराव."

भुजंगरावांनी बाटली उजेडात धरली. "आडवी ठिवायचे का उभी?"

"उभी. शोकेसमध्ये. सगळ्यांना दिसावी म्हणून."

माझ्यावरची त्यांची पकड बदलली. मीही समजलो. उभ्या बाटलीचं बूच वाळतं, आत हवा जाते. मी बुचात शिरलो तर ते भुसभुशीत, वाळक्या भाकरीसारखं. अर्ध्यात तुटलं. उरलेलं काढायला त्यांनी मला तिरपा घातला आणि नेट लावला. माझ्या मळसूत्रात कुठेतरी कळ आली, तिथे मी कायमचा वाकलो. बूच निघालं. भुजंगरावांनी ते नाकाशी नेलं.

ती वाइन राहिली नव्हती.

हॉटेलात अशा वेळी म्हणायचं वाक्य ठरलेलं होतं, "साहेब, दुसरी आणतो." इथे दुसरी कुठून आणणार? ते बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागोमाग प्रियांका आली. बापाचं तोंड बघून तिला सगळं कळलं.

"अण्णा, चांगली हाय म्हणा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लय आशेनं आणलीय त्यांनी. एक एक घोट घेऊ आमी सगळे. कुणी तोंड वाकडं करणार न्हाई."

"त्यास्नी कळंल की."

"कळू द्या. पण आज नगा बोलू."

भुजंगराव ओट्याला टेकून उभे राहिले. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. आणि ही तर लेकीची सासू. त्यांनी पेल्यात दोन बोटं वाइन ओतली आणि बाहेर जाऊन ती कार्मेलिनबाईंपुढे ठेवली.

"विहीणबाई, खरं सांगतो. ही प्यायची ऱ्हायली न्हाई. आंबलीय."

 मेल्विन खाली बघत होता. कार्मेलिनबाईंनी पेला उचलला, वास घेतला, एक घोट तोंडात धरला आणि गिळला. डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटाचं की कशाचं, मी काय सांगू.

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "असंच करायचे. गोव्याला जायचंही पुढच्या वर्षीच होतं."

 भुजंगराव तिथून हलले नाहीत.

"विहीणबाई, तुमच्यात विंदालूत शिरका घालतात का न्हाई?"

"शिरका?"

"व्हिनेगर, मम्मी," प्रियांका म्हणाली.

"घालतात तर. त्याशिवाय विंदालू कसलं?"

"मग मटणात आज बाजारचा शिरका घालू नगा. गॅसवर हाय अजून. ह्यो व्याह्यांचा शिरका घालू. प्यायला न्हाई मिळाली, खाऊ तरी."

कार्मेलिनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि बाटली घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. किती घालायचा यावरून दोघांचा बराच वाद झाला. बाई म्हणत अर्धी बाटली, भुजंगराव म्हणत वाटीभर. शेवटी वाटीवर वाटी करत निम्मी संपली. मटण तासभर उशिरा झालं. कुणाची तक्रार नव्हती.

पाट्यावरच्या मसाल्यात तळलेल्या मरळीबरोबर भुजंगरावांनी फिरकीचं झाकण उघडून थंड पांढरी ओतली. उजव्या हातानं, एक थेंबही खाली न पाडता. मग सवयीनं दोन पावलं मागे सरून कार्मेलिनबाईंच्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले.

"हे काय?" बाईंनी मान वळवली. "बसा की."

"तुमी जेवा. मला बसून वाढता येत न्हाई."

प्रियांका उठली. तिनं आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि बापाचा दंड धरला. "अण्णा, वाढपी नव्हता बोलावला मी."

ते बसले. पाठ ताठ, खुर्चीच्या कडेला, कुणीतरी उठवेल अशा बेतानं. मेल्विननं उठून त्यांच्या पेल्यात ओतली, दोन थेंब टेबलावर सांडले. भुजंगरावांनी ते बोटानं पुसले. विंदालूचा पहिला घास खाऊन कार्मेलिनबाई म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं लागतंय," आणि जेवताना दोनदा वाढून घेतलं. भुजंगराव सावकाश खात होते. बसून, गरम गरम, लेकीच्या शेजारी.

निघताना प्रियांकानं विचारलं, "आता कवा येताल?"  त्यांनी मला खिशातून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

तेव्हापासून मी इथे, प्रियांकाच्या स्वयंपाकघरात, चहाच्या गाळणीच्या आणि बटाटे सोलायच्या सुरीच्या संगतीत. माझं मळसूत्र वाकलंय, त्यानं आता कुठलंच बूच निघणार नाही. मेल्विन आणतो त्या बाटल्यांनाही हल्ली फिरकीची झाकणं असतात. माझं काही गाऱ्हाणं नाही. फक्त भंगारात टाकू नका आणि सरळ करायलाही कुणाकडे नेऊ नका. वाकलोय ते बरं आहे.

माझ्या अंगाला एक छोटं पातं आहे, बाटलीच्या गळ्यावरचा कागद कापायचं. प्रियांका सध्या त्यानं दुधाच्या पिशव्या कापते. रोज सकाळी दोन. अण्णा मुक्कामाला असले की तीन.