खोक्यातला खोटा बर्गर

“याला साबणाच्या पाण्यात भिजत टाकू नकोस बरं,” आत्याने भाचीला बजावलं होतं. भाची हसली. “अगं आत्या, तवा आहे तो, तान्हं बाळ नाही!”

मित्रांनो, तो तवा म्हणजे मी. मी एक जुना बिडाचा तवा आहे. रेतीच्या साच्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी खरखरीत होतो. आत्याने तेल चोळून, तापवून मला काळाभोर, तुकतुकीत केलं. भाचीने नवं घर मांडलं, तेव्हा आत्याने मला उचलून तिला दिलं. देताना तिचं मनगट थरथरलं. मला ते कळलं, पण तव्याला बोलता कुठे येतं?

भाचीने मला त्याच रात्री भिजत टाकलं. मी गंजलो आणि सिंकखालच्या अंधारात जाऊन पडलो. वर ओट्यावर दुकानातली खोकी येऊ लागली. आज बर्गर, उद्या पिझ्झा. भाचीची लेक चिमणी दुसरं काही तोंडात घालेना. जिना चढताना ती मध्येच बसायची. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “आता घरचं खाऊ द्या.”

भाची, म्हणजे चिमणीची आई, हट्टाला पेटली. तिने भिजवून शिजवलेला राजमा ठेचून टिक्की केली, घरचा बर्गर बांधला आणि दुकानाच्या जुन्या खोक्यात घालून पुढे ठेवला. चिमणीने खोकं फिरवून पाहिलं.

“आई, हा सॉसचा डाग मागच्या वेळी मीच पाडला होता. तू मला फसवलंस!”

त्या दिवसापासून ती दूधसुद्धा हुंगून पिऊ लागली. आईचा जीव टांगणीला लागला. शेवटी तिने आत्याला फोन लावला.

“फसवतेस कशाला? तिलाच करू दे,” आत्या म्हणाली. “आणि माझा तवा कुठाय?”

“गंजलाय गं.”

“मग घास की! हात काय उसने दिलेत?”

मायलेकींनी मीठ लावून मला खसाखसा घासलं, तेल पाजलं, तापवलं. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला ऊब लागली. चिमणीने थापलेली पहिली टिक्की मात्र मला चिकटली आणि तिचे तुकडे झाले.

“आई, हा बर्गर नाही, भूकंप आहे!”

“मग भूकंप खा.”

तिने खाल्ला. स्वतः केला होता ना! दुसऱ्या खेपेला मीही टिक्की अलगद सोडली. मग चमचाभर तेलात बटाट्याच्या काड्या खरपूस झाल्या, झाकणाखाली कणकेचा पिझ्झा फुलला. कधी बिघडलं, कधी करपलं, पण आईने माघार घेतली नाही. परवा चिमणी जिना चढून आईच्या आधी दारात उभी होती. वर चिडवत होती, “ये गं म्हातारे!”

काल चिमणीने केलेला बर्गर घेऊन दोघी आत्याकडे गेल्या. मलाही पिशवीत घेतलं होतं, आत्याला दाखवायला. आत्या चहात बिस्किटं बुडवत बसली होती. ते तिचं जेवण होतं. शेगडी कोरडी ठणठणीत. मनगटाने जड भांडं उचलवेना, म्हणूनच तिने मला देऊन टाकलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आईने तिचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग ती उठली आणि तिने मला आत्याच्या शेगडीवर चढवलं.

मित्रांनो, तवा पुसून कोरडा ठेवा. पण त्याआधी, तुमच्या घरात ज्याने आपलं भांडं दिलंय, त्याच्याकडे आज जा. त्याच्या शेगडीवर काय शिजतंय, तेवढं बघून या.