मोरपंखी लांडगा

"हात वर कर रं," असं म्हणत अंबुबाईनं लेकाच्या काखेत सुताचा शेवटचा झुपका टाचला आणि दोरा दातानं तोडला.

मंथननं आरशात पाहिलं. आप्पांच्या जुन्या स्वेटरवर मागाखालचं वाया गेलेलं सूत शिवून आईनं लांडग्याची कातडी केली होती. काम चोख होतं. फक्त लांडगा मोरपंखी होता, आणि पोटाकडं राणी रंगाचा.

"आई, लांडगा काळा असतोय."

"काळं सूत भादव्यात कुठलं आणू? काळ्या साड्या संक्रांतीच्या तोंडावर मागाला लागतात. तवा हो लांडगा."



वडगावातल्या त्यांच्या विणकर गल्लीच्या गणपतीपुढं होणारं हे नाटक मंथननंच लिहिलं होतं. पौर्णिमेला लांडगा होणारा एक मुलगा, रक्त पिणारा दुसरा, आणि दोघांच्या मधे मोहिनी. मोहिनीचं काम शेजारची स्वरूपा करणार, हे पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरलं होतं. खरं तर तेवढ्यासाठीच ती ओळ लिहिली गेली. समोरासमोर तिच्याशी दोन वाक्यं धड बोलायची मंथनची कधी छाती झाली नव्हती. मग मनातलं सगळं त्यानं व्हॅम्पायरच्या तोंडी घातलं, आणि शेवटी मोहिनी लांडग्याला सोडून व्हॅम्पायरचा हात धरते, असं लिहून टाकलं. व्हॅम्पायर तो स्वतः होणार होता.

एवढ्यात गल्लीतला शिवराज कोल्हापूरहून प्लॅस्टिकचे सुळे घेऊन आला. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा गल्लीचा कायदा. सुळे ज्याचे तोच व्हॅम्पायर. मंथनच्या वाट्याला लांडगा उरला, आणि लांडग्याला त्यानं एकही वाक्य दिलेलं नव्हतं. त्यानं नुसतं विव्हळायचं होतं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

तालमीत त्यानं एकदा धीर केला.

"शेवटी मोहिनी लांडग्याकडं आली, असं केलं तर?"

"आता? पाठ झालंय की माझं," स्वरूपा म्हणाली. "आणि शेवट लई भारी लिहिलायस तू. मला तर खरंच रडू येतंय."

एवढ्या कौतुकानंतर तिच्याशी भांडायचं तरी कसं?

नाटकाच्या संध्याकाळी माग लवकर थांबले आणि सगळी गल्ली मांडवात येऊन बसली. मंडळाचे भरमू अण्णा पडद्यामागं येऊन बजावून गेले, "गणपतीम्होरं रगात न्हाय चालायचं." त्यामुळं व्हॅम्पायर कोकम सरबत प्यायला. सुळे घातले की शिवराजला बोलता येईना, म्हणून दर वाक्याला तो ते काढून हातात धरी, बोलून झालं की पुन्हा बसवी. मंथननं जीव ओतून लिहिलेली वाक्यं अशी लाळेनं ओल्या सुळ्यांच्या काढ-घालीत तुटत तुटत आली, तरी लोकांनी टाळ्या दिल्या. मोरपंखी लांडगा कोपऱ्यात विव्हळत राहिला.

शेवटचा प्रवेश आला. शिवराजनं हात पुढं केला, स्वरूपानं तो धरला. दोघं चालू लागली आणि मंथनला पाठीत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. त्याच्या कातडीतला एक धागा शिवराजच्या झग्याच्या पिनेत अडकला होता. ती दोघं दूर जातील तसा लांडगा उसवत चालला. तो जागेवरनं हलेना, ओरडताही येईना. धागा ताणला गेला आणि तुटला.

"तुटला! तुटला!" पुढं बसलेली गुणाबाई ओरडली. जन्म मागावर गेलेला. तुटलेला धागा बघून तिला गप्प बसवेना.

"माग थांबवा!" धागा तुटल्यावर देतात तशी मागच्या रांगेतनं कुणीतरी हाळी दिली आणि मांडव हसून लोटपोट झाला.

मंथनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तेवढ्यात स्वरूपानं शिवराजचा हात सोडला. ती मागं फिरली. पिनेतला धागा सोडवून ती लांडग्याच्या पाठीशी गुडघ्यावर बसली. लहानपणापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरत आलेली पोर, तुटका धागा तसाच टाकून पुढं जाणं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. तिचा श्वास मंथनच्या मानेला लागला. दोन वर्षं साठवलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं.

"स्वरूपा..."

"हलू नको," ती म्हणाली.

तिनं बोटं ओली केली, दोन टोकं जुळवली, गाठ मारली आणि वर राहिलेला दोरा दातानं तोडला. त्या सबंध नाटकात कुणी कुणाला खरे दात लावले असतील तर एवढेच. मग ती उठली, शिवराजचा हात पुन्हा धरला आणि लिहिलं होतं तशी निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यात मोठी टाळी तिलाच पडली.

नाटक संपल्यावर मंथन तिला शोधत मांडवामागं गेला. तिथं ती लहान पोरांना घाबरवत होती. शिवराजचे सुळे तिच्या तोंडात होते. शिवराज पोट धरून हसत होता, आणि सुळे धुतलेत का म्हणून तिनं विचारल्यासारखंही दिसत नव्हतं. मंथन आला तसा परत फिरला.

घरी त्यानं कातडी अंगातनं काढली आणि दिव्याखाली मांडीवर घेतली. एकेक झुपका तो चिमटीत धरून बघू लागला.

"काय शोधतोयस?" अंबुबाईनं विचारलं.

"स्वरूपानं गाठ मारली नव्हं का. ती कुठं हाय ते बघतोय."

अंबुबाई शेजारी बसली. तिनं पाठीच्या धाग्यावरनं अंगठा फिरवला, एकदा वरनं खाली, एकदा खालनं वर. जाणत्या हातालाही काही लागलं नाही.

"चांगली मारलीय की पोरीनं," ती म्हणाली. "चांगली गाठ हाताला लागत न्हाय, बाळा. चल, जेवायला वाढतो."

"आलो," मंथन म्हणाला, आणि त्यानं पुन्हा मानेपासून सुरुवात केली.