शिंपीकाकांची चार क्रियापदं

बायको गेल्यापासून शिंपीकाकांच्या घरात आवाज असा शिलाई मशीनचाच उरला होता, आणि गिऱ्हाइकं आटली तसं तेही गप्प झालं. लेक सातासमुद्रापार. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. नात सहा वर्षांची. बापाची भाषा आफ्रिकान्स, तीच तिची. काका मराठीत विचारायचे, लेक मध्ये दुभाषी. नात भराभरा कितीतरी बोलायची आणि लेक सांगायची, "बरी आहे म्हणते." एवढ्या मोठ्या ताग्यातून एवढीशीच चिंधी कशी निघते, हे काकांना कोडंच होतं.

म्हणून पासष्टीला काकांनी आफ्रिकान्स शिकायला घेतली. एकदा तरी नातीशी आपल्या तोंडाने बोलायचं, मध्ये कुणी नको, एवढाच हट्ट. मोबाइलवरच्या शिकवणीत आधी मदतीची क्रियापदं आली. कान म्हणजे शकणं, वल म्हणजे इच्छा असणं, मूट म्हणजे करावंच लागणं, माख म्हणजे परवानगी असणं. ही आली की मुख्य क्रियापद मराठीसारखं शेवटी जाऊन बसतं. परक्या गावात घरचं माणूस भेटावं तसा काकांना आनंद झाला. मापांच्या वहीत, छाती-कंबरेच्या रकान्यांत, त्यांनी वाक्यं उतरवली. बोलून बघायला कोपऱ्यातला बिनमुंडक्याचा पुतळा होता. त्याने कधी चूक काढली नाही.

लेकीला मात्र पत्ता लागू दिला नाही. शेवटचं बटण लागेपर्यंत कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, हा काकांचा चाळीस वर्षांचा नियम होता.

चौथ्या महिन्यात एक वाक्य पक्कं बसलं. एक वल मेट यो प्राट. मला तुझ्याशी बोलायचंय. त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच फोनसमोर बसले.

कॉल लागला. काका घसा साफ करत होते, तोच नात आईकडे वळली. आजोबांना काही कळत नाही हे तिला ठाऊक, त्यामुळे आवाज लपवायची गरज नव्हती.

"मूट एक वेअर मेट होम प्राट? माख एक खान स्पिअल?"

काकांना शब्द न् शब्द कळला. याच्याशी परत बोलावंच लागेल का? मी खेळायला जाऊ?

"काय म्हणते गं?" त्यांनी विचारलं.

"तुमची खूप आठवण येते म्हणते, बाबा."

पोरीवर कसलं रागवायचं! दर आठवड्याला एक म्हातारा समोर येऊन काहीबाही पुटपुटतो, कंटाळणार नाही तर काय? आणि लेक इतके रविवार आपल्यासाठी गोड खोटं बोलत आली, तिच्यावर तरी कोणत्या तोंडाने चिडायचं? पण वाईट वाटायचं ते वाटलंच, फार वाटलं.

पाठ केलेलं वाक्य त्यांनी गिळलं. मग फोनजवळ वाकून नातीला म्हणाले, "यै माख खान स्पिअल."

जा बाळा, खेळ.

नातीने डोळे विस्फारले. आजवर पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे बघून मनापासून हसली आणि टुणकन उडी मारून पळाली. रिकाम्या खुर्चीशेजारी लेक तोंडावर हात धरून बसली होती.

"बाबा... कधीपासून कळतंय तुम्हाला?"

"आजपासूनच गं," काका म्हणाले. "मागचं काहीच नाही कळलेलं."